कुत्र्याच्या जागेवर बसणारे मामा

मामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यापुढे दोन इडल्या ठेवल्या आणि त्यांची सुटका करण्यासाठी धावत खाली गेलो.

यात माझा काही दोष नव्हता असं मी अजूनही म्हणतो. घरात कोणी ऐकत नाही. पुण्याहून बदली होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावाला आल्याला आम्हाला चार-पाच महिने झाले होते. दाढ ठणकत होती म्हणून मी त्या दिवशी कारखान्यातून सकाळीच परतलो, वाटेत मऊ काहीतरी खावं म्हणून इडल्या घेतल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचतो तर समोरच्या फ्लॅटच्या बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप, आणि जाळीच्या आत, लाकडी दाराच्या अलीकडे जी अडीच फुटांची पट्टी असते तिथे एक सत्तरीचे गृहस्थ चटई टाकून बसलेले. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर काळी बारीक उभी रेघ. शेजारी स्टीलच्या वाडग्यात पाणी. मी आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत विचारलं की तुम्हाला कोणी कोंडलं आहे का. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटात मला दहशत दिसली.

समोरचं जोडपं तरुण होतं, कॉम्प्युटरवाल्या कंपनीत होतं आणि भेटलं की हसायचं. त्यांच्या घरातून कधी चढा आवाज आला नव्हता. असेच लोक असतात, मी मनात म्हटलं. डब्याच्या झाकणावर दोन इडल्या ठेवून झाकण जाळीखालून आत सरकवलं आणि असोसिएशनच्या सेक्रेटरींना गाठलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांचे पेशंट. एका वृद्ध बापाला पोटच्या मुलानं कुलूप लावून कोंडलंय म्हटल्यावर, लिफ्ट बंद असतानाही, ते बिचारे तीन मजले चढून आले. जाळीपाशी थांबून त्यांनी दम घेतला, आत पाहिलं आणि दोन्ही हात जोडून विचारलं, "मामा, ड्यूटीवर आहात?"

आतल्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावरच्या कार्डावर काहीतरी लिहिलं. मी "अरे देवा" असं पुटपुटलो. त्यांनी मान वर केली.

"मराठी का? अस्सं. मग तेंही लिहितों."

ते कार्ड मला पुढे ओळख वाढल्यावर वाचायला मिळालं. त्यावर होतं : ११:४०. समोरचा शेजारी. घाबरट. मराठी. मालकास न विचारता खायला घालतो. कुत्रं सोकावेल.

त्या जोडप्याला लॅब्राडोर पाळायचा होता. आणि आमच्या भागात कोणालाही कुत्रं पाळायचं असलं की आधी मामांना बोलवायची पद्धत होती. मामा यायचे आणि जिथे कुत्रं राहणार त्या जागी, कुत्रं जितका वेळ राहणार तितका वेळ, स्वतः बसून राहायचे. माणसं कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायची, संध्याकाळी येऊन उघडायची. तेवढ्या वेळात मामा बोलायचे नाहीत (मराठी ऐकून माझ्याशी बोलले तेवढा अपवाद), वाचायचे नाहीत, मोबाइल तर त्यांच्याकडे नव्हताच. कुत्र्याला जेव्हा खायला मिळणार असेल तेव्हाच खायचे. पाणी वाडग्यातलं. फक्त एक सवलत त्यांनी स्वतःला दिली होती, ती बाथरूमची, आणि तीही कार्डावर वेळ घालून.

मामा हे नाव सगळ्या आवडी गावानं दिलेलं. तमिळ लोकही मामा म्हणत, मराठी लोकही मामा म्हणत, त्यामुळे खरं नाव विचारायची वेळ कोणावर आली नाही. ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकताना मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातलं एखादं पत्र उठून बोलायला लागल्यासारखं वाटायचं. फक्त त्या पत्राला मधूनच "अय्यो" आणि "सेरी", म्हणजे "बरं", म्हणायची सवय होती. "सगळी" या शब्दाला ते "अस्की" म्हणत. आमची मराठी त्यांना उद्धट वाटायची. "तुम्ही पुण्याचे लोक बोलतां की हुकूम सोडतां ओ?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी पुण्याचा नाही, साताऱ्याचा, असं म्हणालो. त्यांनी थोडा विचार करून सांगितलं की मग ठीक आहे, तिथून हुकूमच यायचे.

नोकरी त्यांनी माझ्याच कारखान्यात केली, मी येण्याच्या पंधरा वर्षं आधी निवृत्त झाले. इन्स्पेक्शन विभागात. बनून आलेल्या प्रत्येक नगाकडे संशयानं बघायचं आणि मग त्यावर तीनपैकी एक शिक्का मारायचा : पास, रीवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्त होताना त्यांना घड्याळ मिळालं, शाल मिळाली, आणि शिक्के मात्र परत द्यावे लागले. म्हणून त्यांनी तसेच तीन रबरी शिक्के बाहेरून बनवून घेतले. शाईही तीच, जांभळी.

"माल वाईट नसतो ओ," ते म्हणायचे. "फिटिंग वाईट असतं."

कुत्र्याची कोणती जात घ्यावी असं विचारणाऱ्याला ते आधी उत्तरच द्यायचे नाहीत. अस्की लोक कुत्र्याची जात विचारतात, घराची कोणी विचारत नाहीं, ही त्यांची कायमची तक्रार. त्यांच्या मते प्रत्येक घराला जात असते. एका घरात दिवसभर टीव्ही चालू असायचा आणि समोर कोणीच नसायचं. त्या घराला त्यांनी पोपट सुचवला. सेक्रेटरींच्या घराबद्दल ते म्हणाले होते, "हें घर मांजराचं. कोणी कोणाला विचारत नाहीं, आणि अस्की सुखात."

समोरच्या जोडप्याला लॅब्राडोर का मिळाला नाही तेही सांगून टाकतो. संध्याकाळी दोघं आल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला की सकाळी साडेपाचला कुत्र्याला खाली कोण नेणार. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग त्या शांत घरातून पहिल्यांदाच चढा आवाज आला आणि तो पाऊण तास चालला. मामा मधोमध चटईवर बसून होते. शेवटी त्यांनी चटई गुंडाळली, रिजेक्टचा शिक्का मारला आणि सांगितलं की आधी वर्षभर एकमेकांना पाळा, मग मला बोलवा. आता त्यांना मुलगा आहे. कोणालाच न विचारता झाला, असं मामा थोड्या नाराजीनं म्हणायचे.

चौथ्या मजल्यावरच्या एका धिप्पाड कंत्राटदाराला ग्रेट डेन हवा होता, म्हणजे वासराएवढं कुत्रं. मामांनी त्याला चाळीस किलो तांदळाचं पोतं खांद्यावरून खाली नेऊन परत वर आणायला लावलं. खाली तो रुबाबात गेला. वर येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसला. मामा त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि मायेनं म्हणाले, "कुत्रं म्हातारं होणार ओ. लिफ्ट त्याच्याआधी होणार. मग काय करणार?" आणि एका वयस्क जोडप्याला चोरांसाठी राखणीचं कुत्रं पाहिजे होतं तेव्हा त्यांनी कुत्र्याऐवजी एक परातीएवढं भांडं आणि मनगटाएवढ्या जाडीची साखळी दाराबाहेर ठेवायला सांगितली. चोर कुत्रं बघत नाही, भांड्याचं माप बघतो, हे त्यांचं मत. त्या घरी आजवर चोरी झालेली नाही. भांडं मात्र एकदा गेलं.

गेल्या वर्षी मामा तंजावरला विधवा बहिणीकडे राहायला गेले. जाण्यापूर्वी तिच्या घरी, आपल्याला मिळणार होती त्या खोलीत, एक पूर्ण दिवस बसून आले आणि स्वतःच्या नावाचं कार्ड भरलं. पास.

तर या माणसाला मी माझ्या घरात का बोलावलं, ते सांगायचं तर माझी दुसरी आणि मोठी चूक सांगावी लागेल.

बदलीचा हुकूम आला तेव्हा आमची मनू बारा वर्षांची होती. पुण्यातली शाळा, तिथल्या तीन मैत्रिणी आणि कोपऱ्यावरचं ग्रंथालय सोडून ती यायला तयार नव्हती. सामानाचे खोके भरून झाले आणि ती त्यांतल्या एका खोक्यावर जाऊन बसली, उठेना. ट्रकवाला खाली हॉर्न वाजवत होता. अशा वेळी बापानं शांतपणे समजावून सांगायचं असतं. मी म्हणालो, "चल, चेन्नईला गेलो की कुत्रा आणू. हस्की."

हस्कीच का, तर आदल्या दिवशी मोबाइलवर निळ्या डोळ्यांचं एक पिल्लू पाहिलं होतं. कुत्र्यांचं माझं ज्ञान एवढंच. मी आयुष्यात एकाही कुत्र्याला हात लावलेला नव्हता, आणि बर्फात गाडी ओढणारं जनावर मी अशा गावाला न्यायला निघालो होतो जिथे जानेवारीतही पंखा बंद केला तर घरचे विचारतात की बरं वाटत नाही का.

मनू खोक्यावरून उठली. इथे आल्यावर पहिला महिना ती रोज विचारायची, कुत्रा कधी. मी म्हणायचो, जरा स्थिरस्थावर होऊ दे. मग ती आठवड्यातून एकदा विचारायला लागली. मग तिनं विचारणं थांबवलं. मला वाटलं सुटलो, पोरगी विसरली. मी तसं बायकोला म्हटलंसुद्धा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालता घालताच म्हणाली की विसरलेली नाही, तिनं तुमचा नाद सोडलाय.

त्यानंतर मी नीट पाहिलं. शाळेत वर्गातल्या मुली सुरुवातीला तिच्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि रंगात आल्या की तमिळवर जायच्या, आणि ही तिथेच मागे राहायची. हे तिनं आईला कधीतरी एकदा सांगितलं होतं. मला तेही नाही. माझ्या प्रश्नांना तिची उत्तरं लहान होत होत "हं" वर आली होती. मी दिलेला शब्द तिनं माझ्याकडे मागायचा बंद केला होता, आणि तो मी पाळला नाही तर पुढे ती माझ्याकडे काहीच मागणार नाही, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. म्हणून मी मामांकडे गेलो.

त्यांनी फिल्टर कॉफी पाजली, सगळं ऐकून घेतलं, हस्कीचं नाव ऐकल्यावर डोळे मिटून "पावम्" म्हणाले. ती दया कुत्र्याची होती की माझी, कळलं नाही. "घर आधीं," ते म्हणाले. "कुत्रं मागनं."

मग मी धीर करून विचारलं की या सगळ्याची तुम्हाला काय गरज. बराच वेळ ते कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिले. तरुणपणी एका गच्चीवरच्या खोलीत राहायचो, त्यांनी सांगितलं, आणि हौसेनं अल्सेशियन आणला होता. कारखान्यात तेव्हा ओव्हरटाइम जोरात. कुत्रा गच्चीवरच्या खांबाला बांधलेला. त्याला खाणं चांगलं, औषधपाणी चांगलं, आंघोळ दर आठवड्याला. दोन वर्षांत तो गेला. डॉक्टर म्हणाले, काही रोग दिसत नाही. "मी ड्यूटी करत होतों, तोही करत होता," मामा म्हणाले. "मला रविवार होता ओ. त्याला नव्हता."

ठरल्या दिवशी, कामाच्याच वारी, ते सकाळी साडेसातला चटई आणि वाडगा घेऊन आले. नियम एवढाच की रोज जे करता तेच करा. बायकोनं घर घासून-पुसून लखलखीत केलं होतं, कारण कोणी का असेना, परका माणूस दिवसभर घर बघणार. मामांनी आत पाऊल टाकलं, अनवाणी पायाचा अंगठा फरशीवर घासला आणि लिहिलं : निसरडी. आजच पुसलेली. रोजची नव्हे. बायकोचा चेहरा पडला. तिनं दहीभात झाकून ठेवला तोही त्यांनी फ्रीजमध्ये ठेवायला लावला. बाल्कनीच्या दाराशी, जिथे आम्ही कुत्र्याची जागा योजली होती, तिथे चटई टाकून ते बसले. मनू शाळेला गेली, बायको एग्मोरच्या तिच्या बँकेत जायला स्टेशनकडे गेली, मी कुलूप लावून कारखान्यात गेलो. एक किल्ली नेहमीप्रमाणे मनूच्या दप्तरात.

दिवसभर मला कामात लक्ष लागेना. मी ड्रॉइंग ऑफिसात आहे. दुसऱ्यांच्या चुका मिलिमीटरमध्ये शोधणं हे माझं काम. त्या दिवशी आपल्या घराची मापं कोणीतरी घेतंय या विचारानं मी एकच माप तीन-तीनदा तपासत होतो. घरात काय सापडेल याची मी यादीसुद्धा केली. पंखा आवाज करतो. बाल्कनीत ऊन येतं. मधल्या टेबलाची काच तडकलेली आहे.

संध्याकाळी पावणेसातच्या पुढे मी जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावरच मला आवाज ऐकू आला. मुलीचा आवाज, सलग, न थांबता, मधे हसणं. मला वाटलं, समोरच्यांकडे पाहुणे आलेत. आवाज आमच्या घरातून येत होता.

मनू शाळेच्या गणवेशातच बाल्कनीच्या दाराशी जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून, आणि मामा समोर. ती त्यांना सांगत होती की तमिळच्या बाई तिला उभं करून वाचायला लावतात आणि ती "ळ" वेगळाच काढते तेव्हा वर्ग कसा खिदळतो. मग तिनं बाईंची नक्कल केली. मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मला पाहून ती थांबली. मामांनी घड्याळ बघून वेळ लिहिली.

ड्यूटीवर बोलायचं नाही हा त्यांचा नियम. तो कसा मोडला, असं मी त्यांना विचारलं.

"कुत्रं असतं तर शेपूट हलवलं असतं," मामा म्हणाले. "माझ्याकडे शेपूट नाहीं. मग बोलावं लागलं."

सातला बायको आली. मनूला त्यांनी खाली वाण्याकडे सुपारीची पुडी आणायला पाठवलं. मामा सुपारी खात नाहीत हे मला माहीत होतं. ती गेल्यावर त्यांनी कार्ड आमच्या हातात दिलं. पंखा, ऊन, तडकलेली काच सगळं होतं. लिफ्ट किती वेळा आपल्या मजल्यावर थांबली, प्रत्येक वेळी कुलपाचा आवाज आपल्याच दाराचा वाटला, तेही होतं. त्याखाली लिहिलं होतं :

१६:४० मुलगी आली. बूट काढले नाहीत. दप्तर खाली ठेवून दाराला टेकून बसली. मला पाहिलं नाही. पंधरा मिनिटे तशीच.
१६:४० ते १८:५० मुलगी एकटी. रोजचेच, असं विचारल्यावर म्हणाली.
कुत्रा आणल्यास एकटे : दोन.

आणि खाली जांभळा शिक्का. रीवर्क.

बायको खुर्चीत बसली. मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, की दोघांच्या नोकऱ्या, चेन्नईची अंतरं, इलाज नाही. मामांनी ऐकून घेतलं. बायकोकडे वळून म्हणाले की तुमची गाडी एग्मोरहून सुटते तेव्हा सुटते, ती माझ्या हातात नाही आणि तुमच्याही. मग माझ्याकडे वळले.

"हूटर साडेचारला होतो. मी बत्तीस वर्षं ऐकलाय. कारखाना ते हें घर, वीस मिनिटं. तुम्ही सातला येतां. मधें काय ओ, पायीं काशीला जाऊन येतां?"

मी म्हणालो, साहेब बसतात.

"साहेब बसतात मणून तुम्ही बसतां. काम असतं?"

काम कधी असायचं, पण बहुतेक वेळा नसायचं. साहेबांच्या केबिनचा दिवा चालू आहे तोवर आपण उठायचं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणीतरी बसलेलं पाहून शिकलो होतो. साडेचारनंतर आम्ही सहाजण चहा मागवायचो, जुनी ड्रॉइंगं उघडून समोर ठेवायचो आणि राजकारणावर बोलायचो. मी हे खरं सांगून टाकलं. बायको माझ्याकडे बघत होती. ती इतकी वर्षं त्याला ओव्हरटाइम समजत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

मामांनी चटई गुंडाळली. तेवढ्यात मनू सुपारी घेऊन आली, ती त्यांनी मुकाट्यानं तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी हूटर झाला आणि मी उठलो. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. बाकीचे पाच जण माझ्याकडे असे बघत होते की जणू मी राजीनामा देतोय. साहेबांच्या केबिनवरूनच जावं लागतं. त्यांनी मान वर केली आणि तब्येत विचारली. खोटं सुचेना. म्हणालो, "सर, घरी कुत्र्याचं इन्स्पेक्शन आहे. रीवर्क आलंय." साहेबांनी चष्मा काढला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याही हाताखालचा माल मामांनी परत पाठवला असणार, कारण त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ते खालच्या आवाजात म्हणाले, "जा की. मी तर तुम्ही लोक बसता म्हणून बसतो."

पुढच्या आठवड्यात साडेचारला हॉल रिकामा व्हायला लागला. साहेब सगळ्यात पुढे असायचे.

पाच वाजता घरी येऊन करायचं काय, हे मला माहीत नव्हतं हे कबूल करतो. पहिले काही दिवस मनू आणि मी दोन अनोळखी प्रवाशांसारखे बसायचो. ती "हं" म्हणायची, मीही "हं" म्हणायचो. मग मी तिच्याकडून तमिळ शिकायला लागलो, म्हणजे ती मला शिकवायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की जगात तिच्याहून वाईट तमिळ बोलणारा एक माणूस आहे. याचा तिच्यावर फार चांगला परिणाम झाला. खालच्या मजल्यावरच्या दोन मुली, मी भाजीवाल्याशी तमिळमध्ये कसा बोलतो ते ऐकायला, तिला घेऊन जायला लागल्या. म्हणजे माझी फजिती बघायला तिघी. एकटी नव्हे, तिघी.

महिन्याभरानं एके दिवशी बूट काढता काढता ती म्हणाली, "बाबा, हस्की नको हं आणायला. इथे त्याला फार गरम होईल. दुसरं कुठलं चालेल?"

ती पुन्हा मागत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच हो म्हणणार होतो. पण या वेळी शहाणपणा केला. म्हटलं, मामांना विचारू.

मामा न सांगता एका संध्याकाळी सव्वापाचला आले. मी दारातच होतो. दहा मिनिटं बसले, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून शिक्का काढला. पास. मग त्यांनी पहिल्यांदा कुत्र्याच्या जातीचा विषय काढला, आणि बोलले तेही मनूशी, माझ्याशी नाही. लॅब्राडोर नको, कारण त्याचं शेपूट म्हणजे झाडू आणि तुझ्या आईनं दर दोन फुटांवर काचेचं काहीतरी ठेवलंय. बीगल बोलका असतो आणि सेक्रेटरीही बोलके. रोज भांडण होईल. पिल्लू तर नकोच, ते दिवसभर एकटं राहिलं तर चपला खातं आणि मनाला लावून घेतं. इथल्या उन्हात रुळलेलं, आखूड केसांचं, मोठ्या वयाचं, दुपारी झोपणारं आणि संध्याकाळी पळायला सोबत मागणारं पाहिजे. समुद्रकाठच्या एन्नोरला त्यांच्या ओळखीचे एक वीजकेंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांच्याकडे पाच वर्षांची कन्नी होती, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतली शिकारी जात, काळी, सडपातळ, लांब पायांची. ते तिच्यासाठी घर शोधत होते. म्हणजे मामा त्यांच्यासाठी शोधत होते.

रविवारी आम्ही सगळे एन्नोरला गेलो. समुद्राचा वारा आणि त्यात वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूर. कन्नी विकत नाहीत, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांच्या गावची रीत अशी की ही कुत्री फक्त देतात, आणि देताना शब्द घेतात. नीट सांभाळली नाही तर देणारा कधीही येऊन घेऊन जाऊ शकतो. त्यांनी मनूसमोर उकिडवं बसून तमिळमध्ये विचारलं की हिला खायला कोण घालेल, आजारी पडली तर कोण जागेल. ती प्रत्येक प्रश्नाला तमिळमध्ये पूर्ण वाक्यात "मी" म्हणाली, त्या "ळ" वाल्या शब्दांना न अडखळता. शेवटी त्यांनी विचारलं, पाच वाजता घरी कोण असतं.

मनूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "अप्पा," ती म्हणाली.

मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली, जशी ते नग पास करताना हलवत असावेत, आणि समुद्राकडे बघत राहिले. कुत्री माझ्याजवळ आली, माझा हात हुंगला. मी हात मागे घेतला नाही. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

घरी आल्यावर तिनं सगळ्या खोल्या हुंगल्या, बाल्कनीच्या दाराशी तीन गिरक्या घेतल्या आणि मामा बसायचे बरोबर त्या फरशीवर अंग टाकलं. मनू तिच्याशी तमिळमध्ये बोलत होती, कारण कुत्रीला मराठी येत नव्हती. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको चहा टाकत होती. छाती जरा फुगलेली होती, म्हणून म्हणालो की बघ, उशीर झाला असेल, पण मुलीला दिलेला शब्द मी पाळला.

तिनं चहा गाळला, माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "संध्याकाळी लवकर घरी येत जाईन, हा शब्द तुम्ही लग्नात मला दिला होता. सोळा वर्षं मी नुसती भांडत बसले. इन्स्पेक्टर बोलवायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही."